भिवंडीची जहाजं पाण्यात कशी उतरली असतील?

भिवंडी म्हटलं की तुम्हाला यंत्रमाग नि गोदामं आठवतात. पण 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि 1659 च्या पोर्तुगीज पत्रात भिवंडी, कल्याण, पनवेल इथे ते लढाऊ जहाजं बांधत असल्याची नोंद येते. वसईचा रुय लैतांव व्हिएगस या कामावर होता. इतकं पुस्तकांत मिळतं. मी विज्ञानाचा विद्यार्थी, मला अडलं ते पुढे: किनाऱ्यावर बांधलेलं जहाज पाण्यात ढकलायचं कसं?

कागद घ्या. सोयीसाठी एक टनाची होडी धरू, दहा फुटांत एक फूट उतार. उतार तिला साधारण 100 किलोच्या जोराने खाली ओढतो. पण कोरडं लाकूड लाकडावर घासतं तेव्हा घर्षण 300 किलोच्या आसपास अडवतं. होडी ढिम्म! खाली गोल ओंडके सरकवा, घर्षण 100 च्या बरंच खाली येतं, होडी आपसूक निघते. मग उलट मागून दोराने आवरावी लागते. आजच्या बोटीच्या ट्रेलरवरचे रूळ आणि विंच दुसरं काय करतात?

फरक एवढाच की ट्रेलर होडीला पाण्याकडे नेतो. खाडीत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, पाणीच वर चढून होडीकडे येतं. अर्थात हे गणित आहे, पुरावा नव्हे. माझा पहिला प्रस्ताव गाईडनी याच कारणाने परत केला होता. आता भिवंडीच्या जुन्या नकाशाशेजारी मी भरतीचं कोष्टक उघडं ठेवून बसतो.