उपहासाच्या बंदुका

हेमलकसा येथें १९७३ च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प स्थापिला व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया गोंडांच्या सेवेस आपलें आयुष्य वाहिलें, हें वाचकांस विदितच आहे. मध्यंतरीं तिकडे जाण्याचा योग आला, तेव्हां बरोबरच्या भाच्याच्या खिशांत हातांत मावणारें एक खेळयंत्र होतें. संध्याकाळीं तेथील दोन मुलें त्याच्या खांद्यावरून डोकावूं लागलीं. पडद्यावर कुठलासा परका ग्रह, त्यावर एक इवलासा शिपाई, आणि चहूंकडून चाल करून येणारे प्रचंड किडे!

"हे किडे राहतात कुठं?" धाकट्यानें विचारलें.

"इथंच."

"मग हा शिपाई तिथं कशाला गेला?"

भाच्यास उत्तर सुचेना. मला मात्र वाटलें, या प्रश्नाला चांगला सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे.

एच्. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तिच्या आरंभींच त्यांनीं आपल्या देशबांधवांस टास्मानियाची आठवण दिली आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं तेथील मूळच्या लोकांचा जो संहार केला, तो ध्यानांत घेतां मंगळवासीयांस दोष देण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे, असा त्यांचा रोख. लंडनच्या वाचकास परचक्राची कल्पना येण्यासाठीं मंगळावरून राक्षस आणावे लागले. चांद्याच्या अरण्यांत त्यांची गरज नव्हती. त्यापूर्वीं चाळीस वर्षें, १८५८ सालीं, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांस चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें होतें.

पुढें १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला. लक्ष्य म्हणून रणगाडे, विमानें यांचा प्रयोग झाला, पण तीं पडद्यावर नीट हालेनात. माणसांची आकृति उत्तम हाले. परंतु माणसांवर गोळ्या झाडणें प्रशस्त वाटेना. तेव्हां वेल्सच्या अष्टपादांची आठवण होऊन खेकडे नि माकुलें यांच्या आकाराचे परग्रहवासी आले. (शत्रु कमी होतील तसे उरलेले अधिक वेगानें धांवतात, ही त्या खेळांतली प्रसिद्ध खुबी; ती घडली ती मात्र यंत्राला काढावयाचीं चित्रें कमी झाल्यामुळें.) निशिकादो यांचा संकोच सभ्यपणाचा होता यांत शंका नाहीं. पण वेल्सनें धरलेल्या आरशाचा पारा त्यांत निघून गेला. शत्रूचा किडा झाला, आणि किड्याचें घर कोठें हें कोणी विचारीत नाहीं.

हा आरसा पुन्हा धरला तो विनोदानें. रॉबर्ट हाइनलाइन यांनीं १९५९ सालीं परग्रहावरील किड्यांशीं लढणाऱ्या सैनिकांवर एक कादंबरी लिहिली, ती सैनिकी बाण्याचा गंभीर पुरस्कार करणारी. १९९७ त पॉल व्हरहोव्हेन यांनीं तिच्यावरच चित्रपट काढला व तोच बाणा हास्यास्पद करून दाखविला. या दिग्दर्शकाचें बालपण नाझींनीं व्यापलेल्या हॉलंडांत गेलें होतें. त्याच परंपरेंतला भाच्याचा खेळ: स्वीडनच्या ॲरोहेड मंडळीनें २०१५ सालीं काढलेला 'हेल्डायव्हर्स'. त्यांतील 'सुपर अर्थ' नांवाची महापृथ्वी परक्या ग्रहांवर स्वातंत्र्य आणि लोकशाही पसरविण्यास निघालेली असते, अर्थात् बंदुकीनें. सारें दृश्य वरून दिसतें, सर्व्हेच्या नकाशासारखें. इतक्या उंचीवरून अरण्य म्हणजे नुसता हिरवा डाग, रहिवासी म्हणजे वळवळणारे ठिपके. मौज ही कीं, तेथून सर्वांत स्पष्ट दिसतो तो आपल्याच शिपायाचा मूर्खपणा. त्याची गोळी आपला-परका पाहत नाहीं. दारूगोळ्यासाठीं आकाशाकडे मागणी केली, तर उतरणारी पेटी सोबत्याच्या डोक्यावरही आदळते.

असें असूनही हा उपहास मला पुरता पटला नाहीं. मन हसत असतांना बोट चाप ओढण्यांत रंगलेलेंच असतें. भाच्यानें पूर्वीं कित्येक तास हा खेळ खेळून त्यांत कांहीं थट्टा आहे हें ओळखलें नव्हतें. ज्या मुलुखानें १९८० नंतर दोन्ही बाजूंच्या खऱ्या बंदुकांचा आवाज सोसला, तेथल्या पोरानें तें एका प्रश्नांत ओळखलें.

शेवटीं यंत्र थोरल्याच्या हातीं गेलें. त्यानें पेटी मागविली. ती थेट त्याच्याच शिपायावर येऊन पडली. दोघे भाऊ पोट धरून हसूं लागले. "मोहीम फुकट घालवलीस," म्हणून भाचा मात्र जेवणाची घंटा होईपर्यंत फुरंगटून बसला होता.