अवस्था आणि प्रवाह : भ्रमणध्वनीच्या आज्ञावलींतील एका भेदाचा इतिहास

'दिवा लागला' आणि 'दिवा लागलेला आहे' या दोन वाक्यांतील भेद मराठी भाषकास शिकवावा लागत नाही. पहिल्या वाक्यात घटना सांगितली आहे. दुसऱ्यात त्या घटनेतून निष्पन्न झालेली आणि बोलण्याच्या क्षणीही टिकून असलेली अवस्था. भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपांच्या रचनाशास्त्रात हाच भेद आरंभी स्पष्टपणे मांडला गेला, पुढे मागे पडला आणि अखेर व्यवहाराच्या रेट्याने परत आणावा लागला. सुमारे पाव शतकाचा हा क्रम पाहण्यासारखा आहे.

या विचाराचे मूळ १९९७ सालच्या एका निबंधात सापडते. कोनाल एलिअट व पॉल हुडाक यांनी 'फंक्शनल रिअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅनिमेशन' या निबंधात हॅस्केल भाषेच्या आधारे 'फ्रॅन' ही पद्धती मांडली. हलत्या चित्रांचे वर्णन करणे हा तिचा हेतू होता. तीत दोन मूलभूत संकल्पना होत्या. 'बिहेवियर' म्हणजे काळानुसार बदलणारे, परंतु प्रत्येक क्षणी काही ना काही असणारे मूल्य. 'इव्हेंट' म्हणजे विशिष्ट क्षणी घडणारी गोष्ट. माउसचे स्थान हे पहिल्याचे उदाहरण होय, तर माउसची कळ दाबणे हे दुसऱ्याचे.

पुढील महत्त्वाचा टप्पा २००९ सालचा. मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर यांच्या गटाने 'रिअ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन्स' ही प्रणाली प्रकाशात आणली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना सुटसुटीत होती. यादीतील घटक आज्ञावली एकेक करून मागून घेते; हीच क्रिया उलटी केली, तर घटक आपण होऊन तिच्याकडे येऊ लागतात. अशा रीतीने यादीवर चालणाऱ्या निवड, रूपांतर, जोडणी इत्यादी सर्व क्रिया कालक्रमाने येणाऱ्या प्रवाहावरही चालू लागल्या. या मांडणीत मूळ संकल्पना एकच उरली, ती प्रवाहाची. 'बिहेवियर' हा शब्द 'बिहेवियर सब्जेक्ट' या प्रवाहाच्या एका विशेष प्रकारापुरता शिल्लक राहिला.

हा साधेपणाच तिच्या प्रसारास कारण झाला. २०१३ साली नेटफ्लिक्सने तिचा जावा भाषेतील अवतार सर्वांस खुला केला आणि तो अँड्रॉइडच्या आज्ञावलीकारांनी उचलला. २०१५ साली स्विफ्ट भाषेतील अवतार आला. २०१८ च्या जानेवारीत डार्ट भाषेच्या परिषदेत गूगलच्या पाओलो सोआरेस व काँग हुइ यांनी फ्लटरसाठी 'ब्लॉक' ही रचना मांडली. प्रवेश व निर्गम हे दोन्ही प्रवाहरूपच असावेत, असा तिचा नियम होता.

परंतु भ्रमणध्वनीचा पडदा ही अस्थिर वस्तू आहे. अँड्रॉइडमध्ये फोन आडवा केला, की सामान्यतः चालू पडदा नष्ट होऊन नवा निर्माण होतो. नव्या पडद्यास आधी घडून गेलेल्या घटना ठाऊक नसतात. खात्यातील शिल्लक केवळ घटना म्हणून पाठविली असेल, तर पुढील घटना येईपर्यंत पडदा रिकामा राहतो. उलट 'पैसे पाठविले' ही एकदाच सांगावयाची वार्ता अवस्था म्हणून साठविली, तर प्रत्येक नव्या पडद्यावर ती पुन्हा झळकते आणि पैसे दोनदा गेले की काय, अशी शंका वापरणाऱ्यास येते. गूगलने २०१७ साली आणलेल्या 'लाइव्हडेटा'ने पहिला दोष दूर केला, कारण ते अखेरचे मूल्य जपून ठेवून नव्या श्रोत्यास देते. नेमक्या त्याच गुणामुळे दुसरा दोष मात्र वारंवार आढळू लागला.

यानंतरच्या साधनांत भेद नावांतूनच प्रकट झाला. अ‍ॅपलच्या २०१९ सालच्या 'कंबाइन'मध्ये 'करंट व्हॅल्यू सब्जेक्ट' व 'पासथ्रू सब्जेक्ट' असे दोन प्रकार आहेत. पहिला चालू मूल्य धरून ठेवतो, दुसरा आलेले मूल्य पुढे देऊन मोकळा होतो. कोटलिन भाषेत २०२० साली 'स्टेटफ्लो' व 'शेअर्डफ्लो' आले. 'स्टेटफ्लो'स आरंभीचे मूल्य द्यावेच लागते. मूल्यावाचून अवस्था संभवत नाही, हे तत्त्व येथे भाषेच्या साधनानेच सक्तीचे केले.

तथापि १९९७ ची कल्पना जशीच्या तशी परतली, असे म्हणता येणार नाही. फ्रॅनमधील काळ अखंड होता; आजची अवस्था पायऱ्यापायऱ्यांनी बदलते. शिवाय 'स्टेटफ्लो' मंद गतीच्या श्रोत्यास मधली मूल्ये गाळून अखेरचे तेवढे देतो. शिल्लक दाखविताना हे योग्यच आहे. प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवताना ते घातक ठरेल. म्हणून साधन निवडण्यापूर्वी, जे सांगावयाचे आहे ते 'झाले' या स्वरूपाचे आहे की 'आहे' या स्वरूपाचे, याचा निर्णय आज्ञावलीकारास स्वतःच करावा लागतो. या विषयाच्या मराठी अध्यापनात 'प्रवाह' ही एकच संज्ञा सरसकट न वापरता 'घटना' व 'अवस्था' या दोन संज्ञा आरंभापासून वेगळ्या ठेवणे, हे त्या दृष्टीने हिताचे होईल.