यातु, जादू आणि करणी

‘जादू’ हा शब्द मराठीने फारसीकडून घेतला, हे बहुतेकांस ठाऊक असते. १३४७ साली बहामनी राज्य स्थापन झाले आणि दक्षिणेच्या दरबारांत फारसीचा संचार वाढला. त्या काळापासून जे असंख्य शब्द आपल्या बोलण्यात रुळले, त्यांपैकीच हा एक. परंतु हा पाहुणा अगदीच परका नव्हे. ऋग्वेदात ‘यातु’ असा शब्द आहे. अभिचार हा त्याचा अर्थ. आणि असे कर्म करणारा तो ‘यातुधान’. इराणी लोकांच्या अवेस्तातही हाच ‘यातु’ याच अर्थाने येतो, आणि त्याचेच पुढील फारसी रूप म्हणजे ‘जादू’. म्हणजे आपल्याकडे आला तो यातूचा चुलतभाऊच होय.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘देव’ हा शब्द आपल्याकडे पूज्य, तर अवेस्तात निंद्य. उलट ‘असुर’ आपल्याकडे निंद्य ठरला, तर त्यांचा ‘अहुर’ परमेश्वर झाला. पूज्य काय, याविषयी दोन्ही घरांचे मत फिरले. पण ‘यातु’ दोन्हीकडे निंद्यच राहिला.

मात्र निंद्य शब्दाचा खरा उपयोग वर्णनासाठी थोडा आणि आरोपासाठी फार होतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०४ वे सूक्त पाहावे. त्याचा ऋषी वसिष्ठ. आपण यातुधान असू तर आजच आपणांस मृत्यू यावा, अशी शपथ तो तेथे घेतो. आणि जो आपणांस खोटेपणाने यातुधान म्हणतो, त्याचे इंद्राने शासन करावे, अशी प्रार्थना करतो. ज्याचे नाव आपण सप्तर्षींत घेतो, त्याच्या मुखीही हे शब्द यावेत, यावरून या आरोपाची धार किती तीक्ष्ण होती, हे कळून येते. दहाव्या मंडलातील ८७ व्या सूक्तात तर यातुधान गाईचे दूध हरण करतो, असे म्हटले आहे.

आपल्या गावांतून ‘जादू’पेक्षा अधिक भय वाटते ते ‘करणी’चे. हा शब्द ‘करणे’ यापासून झालेला. संस्कृतातील ‘कृत्या’ही ‘कृ’ धातूचीच. गोव्यात पोर्तुगीजांनी ‘फेइतिसु’ हा शब्द आणला. त्याचेही मूळ ‘केलेले, बनविलेले’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले, तेव्हा ‘फेइतिसु’ करणे हा त्याच्या दृष्टीने शिक्षेस पात्र गुन्हा होता. तिन्ही शब्दांचा धात्वर्थ एकच : कोणीतरी ‘केले’. गाय आटली, मूल दगावले, की दुःखी मन कारण शोधीत नाही, कर्ता शोधते. आणि तो बहुधा शेजारच्या एखाद्या निराधार बाईत सापडतो.

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध अधिनियम केला. कर्नाटकानेही २०१७ साली त्याच जातीचा कायदा केला. महाराष्ट्राच्या अधिनियमाच्या अनुसूचीत एक कलम आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. अमुक व्यक्ती करणी करते, अथवा मंत्रतंत्राने गाईचे दूध आटविते, असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणारा तेथे अपराधी ठरतो. ऋग्वेदकालीन दुधाचा आरोप आमच्या काळापर्यंत टिकून राहिला, ही खेदाची गोष्ट खरी. परंतु खोटा आरोप करणाऱ्यास शासन व्हावे, ही वसिष्ठांची मागणीही तितकीच जुनी आहे.

म्हणून देवळाच्या मंडपात कोणाविषयी ‘करणी’ हा शब्द निघाला, तर परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती शपथ आठवावी. आपल्या धर्मग्रंथांत केवळ यातुधानाचा धिक्कारच नाही; त्या नावाने नाहक हिणविल्या गेलेल्याचा आक्रोशही आहे. आपण कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे, हे ठरविण्यास तेवढे पुरे आहे.