रामसेसचे शीर आणि दोर ओढणारे

मिसर देशातील प्राचीन अवशेषांचा इतिहास वाचू लागले की जोव्हानी बेल्झोनी ह्या इटालियन गृहस्थाचे चित्र हटकून समोर येते. डोक्यास भले मोठे पागोटे, छातीवर रुळणारी दाढी, अंगात पूर्वेकडील पोशाख. १८२० साली लंडनला निघालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांताच्या आरंभी हे चित्र छापलेले आहे. पण त्याच प्रवासाचे दुसरे एक चित्र आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

बेल्झोनीचा जन्म १७७८ साली पादुआ येथे एका न्हाव्याच्या घरी झाला. साडेसहा फूट उंचीचा हा माणूस लंडनच्या रंगमंचावर अंगावर दहा-बारा माणसे तोलून धरी. १८१५ साली तो पाणी उपसण्याचे यंत्र महंमद अली पाशास विकण्याकरिता इजिप्तला गेला. ते काम फसले. तेव्हा ब्रिटिश वकील हेन्री सॉल्ट ह्यांनी त्याजकडे दुसरे काम सोपविले. थेब्सच्या देवळातील दुसऱ्या रामसेस राजाचे दगडी शीर नाईलच्या काठी आणावयाचे होते. वजन सुमारे ७ टन!

साधने काय? १४ लाकडी वासे, खजुरीच्या पात्यांचे ४ दोर आणि ४ लाटा. कप्पी एकही नाही. आठ वाशांचा गाडा केला, त्यावर शीर चढविले आणि वाट मोकळी करण्यासाठी देवळातील दोन खांबांचे तळही फोडले. २७ जुलै १८१६ रोजी ओढण्यास आरंभ झाला. एक दिवस उन्हाने बेल्झोनीस उभे राहवेना. मजुरांचे तर रोजे चालू होते. पोटात अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. १२ ऑगस्टला शीर नदीकाठी पोहोचले. १८१८ साली ते लंडनला आले व आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दुसरे चित्र ह्याच कामाचे. त्यात दोर ओढणाऱ्या माणसांच्या रांगा दिसतात. त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत.

आम्ही अनेक वर्षे रुग्णसेवा केली. निश्चल रोग्यास एका खाटेवरून दुसरीवर घेताना चौघींनी चादरीची टोके धरून एकदम उचलावे लागते. एकीचा हात मागे पडला की भार दुसरीच्या कमरेवर येतो. म्हणून ७ टनांचा दगड एका पहिलवानाने हलविला, असे कोणी म्हटले तर आम्हांस पटत नाही.

पेसाहच्या रात्री आपण मुलांना सांगतो की आपले वाडवडील मिसरात दास होते. त्यांनी बांधलेल्या एका नगराचे नाव तोरामध्ये रामसेस असेच आहे. त्यांना छळणारा फारो हाच राजा, असे पुष्कळजण मानतात. तसा पुरावा मात्र सापडलेला नाही. बेल्झोनीचे मजूर दास नव्हते, त्यांना रोज मिळे. तरी दगड ओढणाऱ्यांची वंशावळ सांगणाऱ्या आपल्या मुलांनी म्युझियममध्ये त्या शिरापुढे उभे राहिल्यावर राजाचे आणि बेल्झोनीचे नाव वाचावे, आणि दोर ओढणाऱ्यांचीही आठवण ठेवावी.