१० डिसेंबर : मातीतून इतिहास वाचणारे सांकलिया

पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा आज जन्मदिन. १९०८ मध्ये मुंबईत जन्मलेले सांकलिया १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि पुण्याचेच झाले. जोर्वे, नेवासे येथील उत्खननांनंतर १९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन सुरू झाले. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, पाण्याचा पाट आणि गावप्रमुखाच्या घरालगतचे धान्यकोठार सापडले. लिपी नसलेल्या समाजांनाही समृद्ध इतिहास असतो, हे सांकलियांनी महाराष्ट्राला दाखवून दिले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.