काटकसरीचा नाद

वस्तूचे रूप कित्येकदा कारागिराच्या हौसेपेक्षा त्याच्या अडचणीतूनच घडते. अमेरिकेतील ‘डॅनइलेक्ट्रो’ या विद्युत् गिटारीचा इतिहास याची साक्ष देतो.

नेथन डॅनियल यांनी १९४७ साली न्यू जर्सी राज्यात हा कारखाना काढला. १९५४ पासून तेथे गिटारी होऊ लागल्या. किंमत कमी राहावी म्हणून पुढे साध्या लाकडाच्या चौकटीवर मेसोनाइटचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला, तक्ता बसविण्यात आला. तारांचा नाद टिपणारी चुंबके लिपस्टिकच्या नळ्यांत घातली गेली. सीअर्स कंपनी हीच वाद्ये ‘सिल्व्हरटोन’ नावाने विकीत असे. १९६२ साली तर ध्वनिवर्धक गिटारीच्या पेटीतच बसविला गेला. सामान्य घरातील मुलांच्या हाती वाद्य आले ते असे.

१९६६ साली कारखाना एमसीए कंपनीकडे गेला आणि १९६९ साली बंद पडला.

१९९८ साली नव्या मालकांनी ही गिटार पुन्हा बाजारात आणली. तोच तक्ता, त्याच नळ्या. नमुन्यांच्या नावांतही ‘५६’, ‘५९’ हे जुन्या सालांचे आकडे. पूर्वीची काटकसर आता आवड झाली. जुन्याचे हे कौतुक योग्यच. मात्र ज्या गरजेने ते घडविले, तिचे विस्मरण होऊ नये.