ट्रान्सम (यंत्रनौका)

ट्रान्सम म्हणजे नौकेच्या मागील टोकाला तिच्या दोन्ही बाजू व तळ यांना जोडणारा आडवा, सपाट फलक होय. मराठीत त्यास ‘पृष्ठफलक’ म्हणता येईल. लहान यंत्रनौकांमध्ये हा फलक पाणी अडवतो आणि यंत्राचा जोर नौकेपर्यंत पोहोचवणारा आधार म्हणूनही काम करतो. फायबरग्लासच्या जुन्या नौकांमध्ये ट्रान्सममधील लाकूड कुजणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. ट्रान्सम नव्याने बांधताना जुने यंत्र व चालनसंच बदलण्याचा विचारही बहुधा होतो. प्रत्येक प्रकारचा चालनसंच ट्रान्समवर वेगळा भार टाकत असल्यामुळे ही दोन्ही कामे एकत्र विचारात घ्यावी लागतात.

रचना

फायबरग्लासच्या नौकेचा ट्रान्सम सामान्यतः तीन स्तरांचा असतो. बाहेरील व आतील बाजूस काचतंतू आणि रेझिन यांची कवचे असतात व त्यांच्यामध्ये प्लायवुडचा गाभा असतो. कवचे ताण व दाब सोसतात, तर गाभा त्यांना एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवतो. गाभा कुजला की कवचे शाबूत दिसत असली तरी फलकाचा ताठपणा नाहीसा होतो. नौकेच्या तळावर लांबीच्या दिशेने बसवलेल्या तुळया (स्ट्रिंगर) ट्रान्समला जोडलेल्या असतात. ट्रान्समवरील जोर त्यांच्यामार्फत तळभर पसरतो.

चालनसंचाचे प्रकार व भार

आउटबोर्ड प्रकारात संपूर्ण यंत्र ट्रान्समवर बाहेरून टांगलेले असते. यंत्राचे वजन फलकाच्या माथ्याला मागे ओढते. पाण्यातील पंखा यंत्राचा खालचा भाग पुढे ढकलतो, त्यामुळेही माथ्यावरील बोल्टांवर ओढ येते.

स्टर्नड्राइव्ह प्रकारात यंत्र नौकेच्या आत असते आणि पंखा फिरवणारा भाग ट्रान्सममधील मोठ्या छिद्रातून बाहेर निघतो. हा प्रकार व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावाने बाजारात आणला. १९६१ मध्ये ‘मर्क्रूझर’ हा प्रतिस्पर्धी संच आला. मर्क्रूझर रचनेत पंख्याचा जोर थेट ट्रान्समवर येतो. यंत्राचा मागील भागही ट्रान्समच्या आतील पट्टावर टेकलेला असतो.

अमेरिकेतील आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने (ओएमसी) १९६० च्या दशकारंभी वेगळा मार्ग स्वीकारला. तिच्या ‘स्ट्रिंगर’ पद्धतीच्या संचात यंत्र व चालनभाग दोन्ही तळाच्या तुळयांवर बसवलेले असत. ट्रान्सममध्ये केवळ मोठे छिद्र असे व ते रबरी वेष्टनाने बंद केलेले असे. त्यामुळे ट्रान्समवर जोर फारसा येत नसे. १९८० च्या दशकाच्या मध्यास कंपनीने ‘कोब्रा’ हा ट्रान्समवर बसणारा संच आणला. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुन्या संचांचे सुटे भाग दुर्मिळ झाल्यामुळे या नौका रूपांतरणासाठी वारंवार हाती घेतल्या जातात.

ऱ्हासाची कारणे

गाभ्यात पाणी प्रामुख्याने माणसाने पाडलेल्या छिद्रांतून शिरते. शिडीचे स्क्रू, पाणी काढण्याच्या बुचाची नळी, यंत्राचे बोल्ट आणि स्टर्नड्राइव्हच्या छिद्राची उघडी कड या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. लाकूड कुजवणारी बुरशी वाढण्यास ओलावा व हवा दोन्ही लागतात. दोन कवचांमध्ये कोंडलेल्या लाकडातील ओल सहजी सुकत नाही, म्हणून एकदा सुरू झालेली कुज पसरत जाते. लाकूड मऊ पडले की बोल्ट सैल होतात. ते पुन्हा आवळल्यास कवच आत दबते, सांध्यातील फट वाढते व आणखी पाणी शिरते.

तपासणी

हातोडीच्या मुठीने ठोकल्यास निरोगी भागातून टणक आवाज येतो, तर कुजलेल्या भागातून बद्द आवाज येतो. यंत्राच्या पट्टाभोवती किंवा कोपऱ्यांत ताराकार भेगा असणे हे फलक वाकत असल्याचे लक्षण आहे. आउटबोर्ड यंत्राच्या खालच्या भागावर दाब दिला असता ट्रान्सम हलताना दिसल्यास नौका वापरू नये. खात्रीसाठी आतील बाजूने बारीक छिद्रे पाडून भुसा तपासतात. कोरडा, फिकट भुसा चांगल्या लाकडाचा असतो. काळा, ओला किंवा आंबूस वासाचा भुसा कुज दर्शवतो. तपासणीनंतर ही छिद्रे इपॉक्सीने बुजवणे आवश्यक असते.

पुनर्बांधणी

काम आतून, बाहेरून किंवा वरून करता येते. आतून केल्यास बाहेरील कवच व त्याचा मूळ आकार टिकतो. बाहेरून केल्यास आतील डेक उखडावा लागत नाही, परंतु रंगकाम वाढते. वरच्या पद्धतीत माथा उघडून कुजलेले लाकूड काढतात व पोकळीत ओतीव रेझिनमिश्रण भरतात.

कापण्यापूर्वी नौकेला तळाच्या कण्यापासून कडांपर्यंत समान आधार देतात. ट्रान्सम काढल्यावर बाजू फाकू शकतात, आणि त्या स्थितीत नवा फलक बसवल्यास तळाचा आकार कायमचा बिघडतो.

जुने लाकूड काढून कवच घासून स्वच्छ करतात व पूर्ण सुकू देतात. नव्या गाभ्यासाठी सागरी दर्जाचे प्लायवुड वापरतात. भारतात त्याचे मानक आयएस ७१० हे आहे. सुमारे १९ मिमी जाडीचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना व कवचाला चिकटवतात. सर्व कडांना आधी पातळ रेझिन मुरवतात. आतील कोपऱ्यांत घट्ट केलेल्या इपॉक्सीची गोलाई भरून त्यावर काचतंतूंचे थर तळ, बाजू व तुळया यांच्यावर पसरवतात. कवच जोडताना कड उताराने घासतात. १२ः१ या प्रमाणाने ६ मिमी कवचासाठी हा उतार सुमारे ७२ मिमी रुंद होतो.

बोल्टांची छिद्रे प्रथम मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरतात व त्यातून नेमक्या मापाची छिद्रे पुन्हा पाडतात. त्यामुळे पुढे सांधा गळला तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही.

चालनसंचाचे रूपांतरण

ओएमसी स्ट्रिंगर संचाऐवजी मर्क्रूझर बसवताना जुने छिद्र त्याच जाडीच्या गाभ्याने बुजवावे लागते. जोर आता तुळयांऐवजी फलकावर येणार असल्यामुळे नुसते ठिगळ पुरत नाही. मर्क्रूझरसाठी ट्रान्समची जाडी साधारण ५१ ते ५७ मिमी असावी लागते, व पट्ट बसण्याच्या जागी ती सर्वत्र सारखी असावी लागते. नवे छिद्र उत्पादकाच्या आराखड्यानुसारच कापतात. यंत्राचे पुढील आधारही तुळयांवर नव्याने आखावे लागतात, आणि यंत्राचा आस व चालनभाग एका रेषेत आणावे लागतात.

आउटबोर्डकडे वळताना छिद्र कायमचे बंद करतात. त्यानंतर ट्रान्समचा माथा ५०८ किंवा ६३५ मिमी (२० किंवा २५ इंच) अशा प्रचलित उंचीला खाचून यंत्र बसवतात, अथवा फलक पूर्ण उंचीचा ठेवून मागे धातूचा ब्रॅकेट लावतात. खाच केल्यास मागून येणारी लाट आत येऊ नये म्हणून तिच्यापुढे आडभिंत बांधतात. ब्रॅकेटमध्ये यंत्र आणखी मागे जाते व तरफेचा परिणाम वाढतो, म्हणून ट्रान्सम ते तुळया असे त्रिकोणी टेकू आवश्यक ठरतात.

समतोल

जुना व्ही-८ स्टर्नड्राइव्ह संच सुमारे ४५० किलो वजनाचा असतो, तर २०० अश्वशक्तीचे आधुनिक आउटबोर्ड त्याच्या सुमारे निम्म्या वजनाचे असते. तरीही नौका मागे झुकू शकते, कारण आतले वजन निघून बाहेर, टोकापलीकडे वजन आलेले असते. यावर बॅटरी व इंधनटाकी पुढे नेणे हा नेहमीचा उपाय आहे. नौका पाण्यात सोडल्यावर पाणी बाहेर सोडणारी डेकवरील छिद्रे पाण्याखाली जात नाहीत ना, हे प्रथम पाहतात.

सुरक्षितता

अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान यंत्रनौकांवर क्षमतापट्टी बंधनकारक आहे. मात्र कमाल अश्वशक्ती केवळ आउटबोर्ड नौकांच्या पट्टीवर नोंदवतात. मूळच्या स्टर्नड्राइव्ह नौकेवर हा आकडा नसतो. त्यामुळे रूपांतरण करणाऱ्याने त्याच आकाराच्या आउटबोर्ड नौकेची मर्यादा किंवा जाणकाराचा सल्ला आधार मानावा लागतो.

यंत्र आतच राहणार असल्यास पेट्रोलची वाफ हा मुख्य धोका असतो. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचते. म्हणून मोटारगाडीचे स्टार्टर, अल्टरनेटर वा कार्ब्युरेटर न वापरता ठिणगी व गळती रोखणारे सागरी भागच बसवतात आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे वायुवीजन पंखा चालवतात. पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट, सांधे व आतील कोपरे पुन्हा तपासतात. या टप्प्यावर दिसणारी बारीक भेग ही जोर नीट पसरत नसल्याची सूचना मानली जाते.